गोमुखाची मोजणी, चरईतल्या घरातून

जमीन मोजायला गेलं की सगळ्यात आधी न हललेला दगड शोधायचा. 33 वर्षं सरकारी मोजणी खात्यात मी हेच केलं. मुरबाड-शहापूरच्या माळांवर, भिवंडीच्या भातखाचरांत, घोडबंदर रोडला टॉवर उभे राहण्याआधीच्या गवताळ पट्ट्यांत. शेतकरी बांधाकडे बोट दाखवतो, पण बांध सरकतो. दर नांगरणीला वीतभर इकडे, वीतभर तिकडे. टिप्पणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या कागदात, नोंद असलेला जुना दगड हाती लागला की त्याच्यावरून पुढची मापं घ्यायची. शोधूनही नाहीच सापडला, तर शेरा लिहायचा, ‘खूण मिळून आली नाही’. अंदाजानं तिथे दुसरा दगड रोवायचा नाही. खात्यात नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगायचो.

ही सवय निवृत्तीनंतर हिमालयातल्या बर्फाच्या कामी आली.

माझी भाची ऐरोलीची. हिमनद्यांवर पीएच.डी. करते. 2024 च्या मे महिन्यात सुट्टीत घरी आली होती. आमरसाचं जेवण झालं, सगळे आडवे झाले आणि तिनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर उपग्रहानं टिपलेला डोंगराळ मुलूख होता.

“मामा, या हिमनदीची हद्द काढून देशील?”

मला वाटलं, ती गंमत करतेय. पण तिला खरंच माणूस हवा होता. ती स्वतः हिमनदीभोवती रेघ काढते, त्या रेघेवरून क्षेत्रफळ काढते, जुन्या वर्षाशी ताडून बघते. पण तिची रेघ न बघता दुसऱ्या कुणी तीच हद्द काढली, तर दोघांत किती फरक पडतो हे कळतं. तो फरक आकड्यासोबत लिहावा लागतो, नाहीतर तो आकडा कुणी मानत नाही. आमच्याकडे पहिली मोजणी मान्य नसली की वरचा अधिकारी पुन्हा मोजतो, तिला निमताना म्हणतात. मी म्हटलं, “म्हणजे निमतानाच की.” तिला तो शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून ती माझ्या कामाला निमतानाच म्हणू लागली.

सरावासाठी तिनं गंगोत्री दिली. जवळजवळ 30 किलोमीटर लांबीची ही हिमनदी गोमुखाशी संपते आणि तिथून भागीरथी निघते. हिच्याबद्दल इतकं लिहून ठेवलेलं आहे की शिकणाऱ्याला आपली चूक कळते.

चित्रं फुकट मिळतात, याचं मला फार अप्रूप वाटलं. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1972 साली वर गेला, आणि 2008 पासून त्या सगळ्यांचा साठा कुणालाही खुला आहे. ठाण्यात चरईतल्या माझ्या टेबलावर बसून मी तीस वर्षांपूर्वीचं गोमुख उतरवून घेत होतो. एका गाव नकाशाच्या नकलेसाठी लोक किती खेटे घालायचे ते मी जन्मभर पाहिलंय, म्हणून हे सांगतो.

पण फुकट मिळालेलं प्रत्येक चित्र कामाचं नसतं. जानेवारीचं घेतलं तर सगळा मुलूख पांढरा. हिमनदी कुठे आणि काल पडलेला बर्फ कुठे, काही समजत नाही. म्हणून वितळण्याचा हंगाम संपतानाचं, सप्टेंबरअखेरचं किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीचं चित्र घ्यायचं. तेव्हा हंगामी बर्फ गेलेला असतो आणि कायमचा उघडा पडलेला असतो. त्यातही ढग. नेहमीच्या रंगांत ढगही पांढरा, बर्फही पांढरा. भाचीनं रंगांची जुळणी बदलली, डोळ्याला न दिसणारा अवरक्त पट्टा लाल रंगाच्या जागी बसवला, आणि एका क्षणात बर्फ फिकट निळा झाला, ढग तसाच पांढरा राहिला. बर्फ त्या पट्ट्यातला प्रकाश शोषून घेतो, पाण्याच्या थेंबांचा ढग तो परत पाठवतो. हिरव्या पट्ट्यात मात्र दोन्ही उजळ. या दोन पट्ट्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेनं भागलं की बर्फाचा निर्देशांक मिळतो, आणि संगणक स्वच्छ बर्फ आपोआप वेगळा काढून देतो.

मी निवडलेल्या पहिल्याच चित्रावर तिरक्या काळ्या पट्ट्या आल्या. दोनदा पुन्हा उतरवून घेतलं, तरी त्याच. दोष माझ्या संगणकाचा नव्हता. लँडसॅट 7 मधला एक भाग 2003 च्या मेअखेरीला बिघडला, आणि तेव्हापासून त्याच्या चित्रांत या फटी राहिल्या. शेवटी नव्वदीच्या दशकातलं एक लँडसॅट 5 चं आणि एक अलीकडचं लँडसॅट 8 चं, अशी दोन चित्रं धरली.

वरचा भाग सोपा गेला. खरा त्रास गोमुखाशी. तिथे बर्फ दिसतच नाही. शेवटचे कित्येक किलोमीटर हिमनदीच्या पाठीवर दगडगोट्यांचं पांघरूण आहे. खाली बर्फ, वर राखाडी खडी, आणि पलीकडच्या डोंगराची घसरही तशीच राखाडी. संगणकाचा निर्देशांक इथे गप्प बसतो. डोळ्यानं शोधावं लागतं: पाणी कुठून उगम पावतं, बर्फाच्या कड्याची सावली कुठे पडते, उतार अचानक कुठे मोडतो. मी तीन दिवस तीन वेळा रेघ काढली, आदल्या दिवशीची झाकून. मुखाशी तिन्ही रेघा जुळल्या नाहीत. उपग्रहाचं चित्र ज्या ठिपक्यांचं बनतं, तसे दोन ठिपके एकमेकींपासून लांब होत्या.

हा एक ठिपका 30 मीटर बाय 30 मीटरचा. हिशोब केला तर जवळजवळ नऊ गुंठे. ज्या माणसानं पाऊण गुंठ्याच्या वादापायी दोन भावांना एकमेकांवर कुऱ्हाडी उगारताना पाहिलंय, त्याला नऊ गुंठ्यांचा ठिपका म्हणजे काय वाटलं असेल! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी भाचीला फोन केला.

“मामा, चूक होणारच. ती किती, ते लिहायचं,” ती म्हणाली.

मग तिनं हिशोब शिकवला. जुन्या चित्राची चूक एक ठिपका, म्हणजे 30 मीटर, नव्याचीही 30 मीटर. दोन्हींचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. आले 42 मीटर. शिवाय दोन चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, ती चूक वेगळी मिळवायची. म्हणजे मुख वर्षाला 20 मीटर मागे जात असेल, तर लागोपाठच्या दोन वर्षांची चित्रं ताडून काहीच सिद्ध होत नाही. दहा-वीस वर्षांचं अंतर लागतं. माझ्या दोन चित्रांत मागे सरकलेलं अंतर चुकीच्या मर्यादेच्या कितीतरी पट निघालं, तेव्हा कुठे मी माझ्या रेघेवर विश्वास ठेवला.

भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या जे. बी. ऑडेन यांनी 1935 साली गोमुखाचा नकाशा काढला, तोही प्लेन टेबलवर. हे वाचलं आणि मी उठून उभाच राहिलो. तीन पायांवरची लाकडी फळी, वर ताणलेला कागद, दर्शकपट्टीतून नेम धरून ओढलेली रेघ. खात्यात यंत्रं येण्याआधी मी स्वतः वर्षानुवर्षं हेच केलंय, फक्त माझ्या पायाखाली शहापूरची तांबडी माती होती आणि त्यांच्या पायाखाली चार हजार मीटर उंचीवरचा दगड. पुढच्या मोजणीदारांनी गोमुख किती मागे गेलं हे त्या 1935 च्या कागदावरून काढलं. विसाव्या शतकातली सरासरी वर्षाला साधारण 20 मीटर भरली. एका माणसानं नीट काढलेला कागद 90 वर्षं उपयोगी पडतोय, मला यापुढे काही मोठं वाटत नाही.

माझी निमताना भाचीच्या रेघेशी वरच्या भागात छान जुळली, मुखाशी फरक पडला. तिनं तो फरक लिहून घेतला आणि म्हणाली, “आता खरी गोष्ट सांगते. मुख कुठे आहे हे मोजणं म्हणजे माणसाचं घर कुठपर्यंत आहे ते मोजणं. त्याच्याकडे पैसे किती उरलेत ते नाही कळत.”

हिमनदीचा जमाखर्च असतो. वरच्या भागात बर्फ पडून साठतो ती जमा, खालच्या भागात वितळतो तो खर्च. जमेपेक्षा खर्च जास्त झाला तर हिमनदी आधी पातळ होते. मुख मागे जायला नंतर कित्येक वर्षं लागतात. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं 2001 ते 2011 या काळातल्या 2,018 हिमनद्या तपासल्या, त्यांत 87 टक्के स्थिर, 12 टक्के मागे गेलेल्या आणि 1 टक्का पुढे आलेल्या निघाल्या. ‘स्थिर’ हा शब्द वाचून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मला ते चुकीचं वाटतं. दहा वर्षांत मुख जागेवर राहिलं एवढंच त्यातून कळतं. वरून बर्फ किती उतरला, हे त्या मोजणीत नव्हतंच.

तो उतरलेला बर्फ मोजायला जागेवर जावं लागतं, बांबूच्या काठ्या घेऊन. वाफेच्या यंत्रानं बर्फात आठ-दहा मीटर खोल भोक पाडायचं, दोन-दोन मीटरचे बांबूचे तुकडे जोडून आत सोडायचे, वर किती उरलंय ते मोजायचं. वर्षभरानं परत जायचं. काठी जितकी जास्त बाहेर आलेली असेल तितका बर्फ गेला.

“एवढंच?” मी विचारलं.

“करून बघ,” ती म्हणाली.

म्हणून केलं. जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून यायचा होता. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला मासळीवाल्यांना बर्फ देणारा आहे, त्याच्याकडून सकाळी पाव लादी आणली, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. सोसायटीच्या वॉचमनकडून गच्चीची किल्ली घेतली. लादीखाली थर्माकोल ठेवला, नाहीतर गच्चीची उष्णता खालून खाते. बायकोची विणकामाची सुई गॅसवर तापवून लादीत तीन भोकं पाडली आणि खराट्याचे तीन हीर रोवले. लादीचे तीन भाग: पहिला उघडा, दुसऱ्यावर कोळशाची पूड चहाच्या गाळणीतून भुरभुरवलेली, तिसऱ्यावर चार बोटं जाड भुसा. जवळ स्टीलची पट्टी, वही, पेन्सिल. बायको छत्री घेऊन शेजारी बसली. छत्री माझ्यासाठी, बर्फाला ऊन हवं होतं.

अर्ध्या तासानं पहिलं माप. उघड्या भागाचा हीर 7 मिलिमीटर जास्त बाहेर आला होता. कोळशाच्या भागाचा 9. भुसा बाजूला सारून पाहिलं, तिथे मिलिमीटरभरही फरक नव्हता. दुसऱ्या अर्ध्या तासात कोळशाच्या भागात वाटीसारखा खळगा पडू लागला. पूड पाण्याबरोबर खळग्यात उतरायची, तिथे गोळा व्हायची, आणि तिथलाच बर्फ आणखी जोरात जायचा. तासाभरात माझ्या लादीवर डोंगर-दऱ्या तयार झाल्या. बायको वाकून बघत म्हणाली, “अगं बाई, हे तर तिच्या फोटोतल्यासारखं दिसतंय.”

खरंच तसंच दिसत होतं. हिमनदीवर धुळीचा, काजळीचा पातळ थर असला की तो ऊन शोषतो आणि बर्फ लवकर वितळतो. तोच थर काही सेंटिमीटरांहून जाड झाला की उन्हाची ऊब खालपर्यंत पोचत नाही आणि बर्फ जपला जातो. बर्फवाला लादी भुशात का ठेवतो हे ठाण्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. दगड भुशाइतका ऊब अडवत नाही, पण त्याचा जाड थर तेच काम करतो. गोमुखाच्या वर पसरलेल्या राखाडी पांघरुणाचा अर्थ मला त्या गच्चीवर कळला. खालचा भाग झाकलेला म्हणून मुख तितकं लवकर मागे जात नाही, आणि मधला, थोड्या दगडांचा भाग झिजत राहतो.

पण माझी तिसरी नोंद चुकली. उघड्या भागातला हीर तिरका झाला होता. उन्हानं हीर तापला, भोक रुंदावलं आणि हीर कलला. पट्टी कललेल्या हिराला लावून मी माप घेतलं आणि आकडा फुगला. रात्री भाचीला सांगितलं तर ती एकदम गंभीर झाली. तिच्या काठ्याही कलतात. कधी खाली बुडतात, कधी बर्फ इतका जातो की अख्खी काठी उघडी पडून आडवी होते, कधी भेगेत जाते. म्हणून कलाचा कोन मोजून दुरुस्ती करतात. शिवाय हिमनदी वाहती, तेव्हा काठी वर्षभरात खाली सरकलेली असते. ती जागा उपग्रहाच्या संकेतांवरून ठरवायची आणि त्यासाठीचं मुख्य यंत्र बाजूच्या अढळ खडकावर ठेवायचं. “बघ, तुझा न हललेला दगड,” ती म्हणाली.

वरच्या, जमेच्या बाजूला काठ्या पुरत नाहीत. तिथे खड्डा खणतात, वर्षाचा थर ओळखतात, नळीनं ठरावीक आकारमानाचा बर्फ काढून वजन करतात. कारण भुसभुशीत हिम आणि घट्ट बर्फ यांची उंची सारखी असली तरी पाणी सारखं नसतं. घट्ट बर्फ घनमीटरला 900 किलो धरतात, ताजं हिम त्याच्या अगदी थोडकं. सगळं पाण्याच्या मीटरमध्ये आणल्यावरच जमेतून खर्च वजा करता येतो. हिमाचलमधल्या लाहौल-स्पितीतल्या छोटा शिग्री हिमनदीवर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या तुकड्या 2002 पासून असा हिशोब ठेवतात. तिथला तोटा वर्षाला सरासरी अर्धा मीटर पाणी. ती हिमनदी साधारण साडेपंधरा चौरस किलोमीटरची, म्हणजे 1,550 हेक्टर. त्यावर अर्धा मीटर पाणी म्हणजे 775 कोटी लिटर, दरवर्षी, जमेत नसलेलं. हा गुणाकार मी वहीत तीनदा तपासला.

मग पाऊस लागला. ठाण्यात मासुंदा तलाव काठोकाठ भरला, तिकडच्या चित्रांवरही ढगच ढग. त्या दिवसांत भाचीनं मला उंचीची वजाबाकी शिकवली. 2000 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एन्डेव्हर यानानं 11 दिवसांत रडारनं जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली. ती एक उंची; नंतरच्या एका उपग्रहानं दोन कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून काढलेली दुसरी. दुसरीतून पहिली वजा करायची. जिथे उणे, तिथे बर्फ उतरला.

माझ्या पहिल्या वजाबाकीत सगळा हिमालय हलला होता. प्रत्येक डोंगराची एक बाजू लाल, दुसरी निळी. भाची काही बोलायच्या आत मी ओळखलं. हे बर्फाचं काम नव्हे, एक नकाशाच दुसऱ्यावर तिरका बसलाय. गाव नकाशावर पारदर्शक कागद जरा सरकून ठेवला की प्रत्येक बांधाला अशीच दुहेरी कड येते. मग हिमनदी सोडून फक्त खडकाळ उतार धरले, खडकाची उंची वीस वर्षांत बदलत नाही, तिथे उत्तर शून्य यायला हवं. शून्य येईपर्यंत नकाशा सरकवला. आणि हिमनदीच्या मधल्या भागात एक निळा, म्हणजे उणे, पट्टा तेवढा उरला. पुसला जाईना. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

हीच पद्धत कोलंबिया विद्यापीठाच्या जोशुआ मॉरर आणि सहकाऱ्यांनी शीतयुद्धातल्या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांच्या खुल्या झालेल्या चित्रांवर वापरली. सुमारे 2,000 किलोमीटरच्या पट्ट्यातल्या 650 हिमनद्या. 2019 साली त्यांनी दाखवलं की 1975 ते 2000 या काळात हिमनद्यांची उंची वर्षाला सरासरी पाव मीटर उतरत होती, 2000 नंतर जवळजवळ दुप्पट.

सप्टेंबरच्या शेवटी भाची तिच्या संस्थेच्या तुकडीबरोबर लाहौलमधल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात गेली. निघताना माझा जुना स्टील टेप आणि कडक पुठ्ठ्याची वही मागून घेतली. पेन्सिली मी टोक करून दिल्या. थंडीत पेनाची शाई गोठते, आणि पेन्सिलीचं लिखाण भिजलं तरी जात नाही, हे आम्हीही पावसाळ्यातल्या मोजणीत शिकलेलो. तीन आठवडे तिचा फोन लागत नव्हता. बहीण रोज ऐरोलीहून मला विचारायची, जणू तिकडची बातमी माझ्याकडे आधी येणार.

दिवाळीच्या आधी ती घरी आली. ओठ फुटलेले, नाकावरची कातडी सोललेली. फराळाचं ताट बाजूला ठेवून मी वही मागितली. पानं ओल धरून फुगली होती. काठीचा क्रमांक, तारीख, बाहेरची लांबी, कल, शेरा. आकडे सरळ, खाडाखोड एका रेघेनं, खाली सही. बारा-तेरा ओळी भरलेल्या, आणि मध्ये एका क्रमांकापुढे सगळे रकाने रिकामे. वरच्या काठीचा आणि खालच्या काठीचा आकडा समोर असताना मधला अंदाजानं सहज भरता आला असता. तिनं भरला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘काठी मिळून आली नाही’.